केनियातील गरीब वस्त्यांत सेवेसाठी जाणाऱ्या ख्रिस्ती गटांसाठी मार्गदर्शक

महाराष्ट्रातील आपल्या मंडळ्यांचा, म्हणजे स्थानिक चर्चच्या समुदायांचा, इतिहास समुद्रापलीकडून आलेल्या माणसांपासून सुरू होतो. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, पुढे अहमदनगरला काम वाढले, आणि मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी रुग्णालय उभारले. आता आपल्यातले तरुण संघ, परिचारिका आणि संडे स्कूलचे शिक्षक उलट दिशेने निघू लागले आहेत. मुंबईहून थेट विमानाने सुमारे सहा तासांवर असलेले नैरोबी हे त्यांपैकी एक ठिकाण आहे. हा लेख नैरोबीतील किबेरा, मथारे, मुकुरू यांसारख्या वस्त्यांत दोन-तीन आठवड्यांसाठी प्रथमच जाणाऱ्या गटांसाठी लिहिला आहे. मी अशा गटाबरोबर गेलो आहे आणि नंतर इतरांची तयारीही करून घेतली आहे. निघण्यापूर्वी विचारले जाणारे प्रश्न बहुधा तेच असतात, म्हणून ते क्रमाने मांडत आहे.

१. बोलावणे कोणाचे आहे, हे आधी तपासा

केनियाच्या २०१९ च्या जनगणनेनुसार तेथील सुमारे ८५ टक्के लोक ख्रिस्ती आहेत. किबेराच्या गल्ल्यांत दर काही पावलांवर पत्र्याची उपासनामंदिरे दिसतात. म्हणजे तुम्ही तेथे सुवार्ता घेऊन जात नसून, आधीपासून चाललेल्या एखाद्या कामात काही दिवसांसाठी हात लावायला जात आहात, आणि ही गोष्ट गटातील प्रत्येकाला पटली नसेल तर तिकिटे काढण्याची घाई करू नये. तिथल्या मंडळीने काही विशिष्ट कामासाठी बोलावले असेल तरच जावे. "आम्ही येतो, आमच्यासाठी काहीतरी काम शोधा" असे कळवणाऱ्या गटाला यजमान नकार देत नाहीत, कारण पाहुण्याला नाही म्हणणे तिथे असभ्य समजले जाते. मग नाइलाजाने पाहुण्यांसाठी काम निर्माण केले जाते आणि त्यात यजमानांचेच दिवस जातात.

यजमान शक्यतो मोठ्या, जबाबदार संघटनेशी जोडलेला असावा: अँग्लिकन चर्च ऑफ केनिया, प्रेस्बिटेरियन चर्च ऑफ ईस्ट आफ्रिका, आफ्रिका इनलँड चर्च किंवा कॅथलिक धर्मप्रांत. समाजमाध्यमांवर मुलांची छायाचित्रे पाठवून "आमच्या सेवेला या" असे लिहिणाऱ्या एकट्या पाळकाच्या निमंत्रणावर कधीही जाऊ नका. त्यात काही प्रामाणिक माणसे असतात, पण दूरवरून ती ओळखण्याचा मार्ग तुमच्याकडे नसतो. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागा, वरिष्ठ कार्यालयाकडून लेखी दुजोरा घ्या, पाळकांखेरीज कमिटीच्या किमान दोन सभासदांशी व्हिडिओवर बोला आणि देणगीचे खाते व्यक्तीच्या नावावर आहे की संस्थेच्या, हे विचारा. २०२३ मध्ये किलिफी काउंटीतील (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) शकाहोलाच्या जंगलात एका पंथाच्या अनुयायांचे चारशेहून अधिक मृतदेह सापडल्यानंतर केनियात धार्मिक संस्थांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले आहे, त्यामुळे अशा चौकशीचे खऱ्या यजमानाला वाईट वाटत नाही.

२. काम ठरवा आणि नको ती कामे आधीच वगळा

माझी कसोटी साधी आहे. जे काम तुम्हाला पुण्यात किंवा वसईत करण्याचा अधिकार नाही, ते नैरोबीतही करू नये. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने इथे टाके घातले नसतील, तर तिथेही घालू नयेत. पूर्ण शिकलेल्या डॉक्टरांनाही केनियात रुग्ण तपासण्यासाठी तेथील वैद्यकीय परिषदेचा तात्पुरता परवाना लागतो, परिचारिकांना त्यांच्या परिषदेचा लागतो, आणि आरोग्य शिबिरासाठी काउंटीच्या आरोग्य विभागाची संमती यजमानाने घ्यावी लागते. यासाठी अनेक आठवडे लागतात. "गेल्यावर बघू" हा आपला लाडका मार्ग इथे चालत नाही.

भिंती रंगवणे आणि बांधकाम ही तरुण गटांची आवडती कामे आहेत, पण त्यांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. नैरोबीत कुशल कारागिरांना 'फुंडी' म्हणतात आणि त्यांना रोजगाराची गरज असते. आपल्या दहा जणांच्या विमानभाड्याच्या अगदी लहान हिश्शात तेच काम स्थानिक फुंडी अधिक चांगले करतील. शिवाय किबेराची बहुतेक जमीन सरकारी आहे आणि बहुतेक रहिवासी खोल्यांचे भाडेकरू आहेत. एखाद्या कुटुंबाची खोली तुम्ही प्रेमाने दुरुस्त करून दिलीत, तर वाढीव भाडे मागायला खोलीच्या मालकाला निमित्त मिळू शकते, आणि तोवर तुम्ही परत आलेले असता.

अनाथालयांना भेट देण्याचा कार्यक्रम मात्र सरळ नाकारा. केनिया सरकारने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि मुलांना कुटुंबात परत नेण्याचे धोरण स्वीकारले. त्याचे एक कारण असे की बालगृहांतील अनेक मुलांचे आई-वडील किंवा जवळचे नातेवाईक हयात असतात, आणि पाहुणे व देणग्या येत राहिल्या की मुलांना तिथे ठेवण्यातच चालकांचा फायदा होतो. दोन आठवडे लळा लावून निघून जाणाऱ्या माणसांची रांग मुलांसाठी चांगली नसते, हे समजायला बालमानसशास्त्र शिकण्याची गरज नाही.

मग काय करावे? आपल्याकडे खरोखर देण्यासारखे जे आहे, ते बरेचदा आपल्याला ठाऊकच नसते. केनियात स्त्रियांचे 'चामा' नावाचे बचतीचे गट असतात. दर आठवड्याला किंवा महिन्याला थोडी रक्कम जमा करायची, आळीपाळीने किंवा कर्जाऊ द्यायची, हा त्यांचा व्यवहार आपल्या बचत गटासारखाच आहे. ज्या महिलेने गावात बचत गटाची वही सांभाळली आहे, बँकेत गटाचे खाते उघडले आहे आणि थकीत हप्त्यावरून झालेली भांडणे मिटवली आहेत, तिचे चामातील स्त्रियांशी दोन दुपार बोलणे रंगाच्या दहा डब्यांपेक्षा उपयोगी ठरते, आणि तीही तिथून काही शिकून येते. तसेच आपल्या आशा सेविकांप्रमाणे तिथे 'कम्युनिटी हेल्थ प्रमोटर' घरोघरी फिरतात. अनुभवी परिचारिकेने स्वतः दवाखाना मांडण्यापेक्षा त्यांच्याबरोबर फिरावे आणि त्या विचारतील ते शिकवावे. संडे स्कूलच्या शिक्षकांचे प्रशिक्षण, शिलाई यंत्रांची दुरुस्ती, मंडळीचे हिशेब संगणकावर ठेवणे, ही कामेही मागे राहणाऱ्या माणसांच्या हाती काहीतरी देतात. वानलेस यांचे नाव मिरजेत टिकले ते त्यांनी स्वतः केलेल्या शस्त्रक्रियांमुळे तर खरेच, पण ते अनेक दशके तिथे राहिले आणि त्यांनी इथल्याच लोकांना वैद्यकीय शिक्षण दिले म्हणूनही. पंधरा दिवसांच्या दौऱ्याने ते साधत नाही, एवढे स्वतःशी मान्य करावे.

३. तारखा निवडा

मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ असतो. तेव्हा वस्तीतील वाटा चिखलाने भरतात आणि नदीकाठच्या खोल्यांत पाणी शिरते, २०२४ च्या एप्रिल-मेमध्ये मथारेत शिरले होते तसे. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये लहान पाऊस असतो. मुलांसाठी सुट्टीतले वर्ग घ्यायचे असतील तर ऑगस्टची शाळेची सुट्टी सर्वांत सोयीची असते. मात्र सार्वत्रिक निवडणुकाही दर पाच वर्षांनी ऑगस्टमध्येच येतात. पुढची निवडणूक २०२७ मध्ये आहे. २००७ च्या अखेरीस झालेल्या निवडणुकीनंतरचा हिंसाचार किबेरा आणि मथारेने जवळून पाहिला आहे, म्हणून निवडणुकीच्या आधीचे आणि नंतरचे काही आठवडे टाळणे शहाणपणाचे आहे.

४. कागदपत्रे जमवा

- परतीच्या तारखेनंतरही पुरेशी मुदत असलेला पासपोर्ट. प्रवेशाच्या दिवशी किमान सहा महिने शिल्लक असावेत आणि कोरे पान असावे.
- केनियाची इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी, म्हणजे ईटीए. जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ही पद्धत आहे.
- यजमान मंडळीचे निमंत्रणपत्र, त्यात कामाचे स्वरूप, राहण्याचा पत्ता आणि जबाबदार व्यक्तीचा दूरध्वनी.
- आपल्या पाळकांचे किंवा धर्मगुरूंचे शिफारसपत्र.
- पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लसीचे प्रमाणपत्र.
- परतीचे तिकीट, आणि रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च समाविष्ट असलेला प्रवास विमा.
- मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाचे पोलीस चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र.
- डॉक्टर, परिचारिका आणि शिक्षकांच्या पदवी व नोंदणीच्या साक्षांकित प्रती.

यातील काही बाबींवर गट नेहमी अडखळतात. ईटीएसाठी सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी खासगी संकेतस्थळे दुप्पट-तिप्पट रक्कम घेतात, तेव्हा पत्ता नीट वाचा आणि निघण्याच्या किमान आठवडाभर आधी अर्ज करा. दुसरे म्हणजे, पर्यटक म्हणून मिळालेल्या प्रवेशावर काम करता येत नाही आणि बिनपगारी कामही काम धरले जाऊ शकते. केनियात धार्मिक व धर्मादाय कामासाठी वेगळ्या वर्गाचा परवाना आहे आणि थोड्या मुदतीसाठी विशेष पास असतो. तुमच्या कामाला कोणता लागेल, हे यजमानांनी इमिग्रेशन कार्यालयात विचारून लेखी कळवावे. विमानतळावर विचारले असता "फिरायला आलो" असे खोटे सांगण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या माणसाच्या इतर सल्ल्यांचाही फेरविचार करा.

पोलीस प्रमाणपत्राबाबतही गोंधळ होतो. पासपोर्ट कार्यालयाचे पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) हे नोकरी, दीर्घ वास्तव्य किंवा स्थलांतरासाठी दिले जाते, अल्पकालीन भेटीसाठी नाही. तुम्हाला हवे ते चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून मिळते.

सरकारी नोकरीत असणाऱ्यांनी आपल्या विभागाची परवानगी आधी घ्यावी. राहण्या-जेवणाचा किंवा प्रवासाचा खर्च परदेशी यजमान करणार असेल, तर परकीय अंशदान कायद्यानुसार केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगीही लागते. जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि शासकीय रुग्णालयांत काम करणारे आपल्या मंडळ्यांत पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

५. लस आणि औषधे

पीतज्वराची लस अधिकृत केंद्रांवरच मिळते. तेथे वेळ आधी घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरले जाते. खरी अडचण जाताना नव्हे, परतताना येते. केनियातून येणाऱ्या प्रवाशाकडे वैध प्रमाणपत्र नसेल, तर भारतात उतरल्यावर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि साठीपुढील मंडळींनी ही लस घेण्याआधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. धनुर्वात, विषमज्वर आणि हिपॅटायटिस ए यांच्या लसींविषयीही त्याच भेटीत विचारावे.

नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंचावर असल्याने तिथे हिवतापाचा धोका कमी आहे. पण यजमान तुम्हाला एखाद्या रविवारी किसुमूकडे, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, किंवा मोम्बासाच्या किनाऱ्यावर नेणार असतील तर परिस्थिती पूर्ण बदलते. तेथे प्रतिबंधक गोळ्या आणि मच्छरदाणी लागतेच. डॉक्सीसायक्लीन दिली गेली असेल तर परतल्यावर आणखी चार आठवडे घ्यायची असते, आणि आपल्याकडची मंडळी नेमकी तीच शेवटची पट्टी अर्धी टाकून देतात. शिबिरासाठी औषधांच्या पेट्या सामानात भरून नेऊ नका. त्यांच्या आयातीला परवानगी लागते, आणि बहुतेक औषधे नैरोबीतच मिळतात. स्वतःची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत.

६. पैशांचा व्यवहार

व्यक्ती म्हणून परदेशी देणगी पाठवायची असेल तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून, बँकेमार्फत, पाठवता येते. मंडळीच्या विश्वस्त संस्थेच्या खात्यातून पाठवायची असेल, तर आधी सनदी लेखापालांशी बोला, कारण धर्मादाय संस्थेने भारताबाहेर केलेल्या खर्चाने तिची करसवलत अडचणीत येऊ शकते. रोख थैली खिशात घालून नेणे हा पर्याय नाहीच.

तिथे रोजचा व्यवहार मोबाइलवरच्या एम-पेसाने होतो. २००७ मध्ये सुरू झालेली ही सेवा भाजीवालीपासून चर्चच्या दानापर्यंत सर्वत्र चालते. पासपोर्ट दाखवून स्थानिक सिम घेतले की खाते उघडता येते. डॉलर नेत असाल तर नव्या छापाच्या, न फाटलेल्या नोटा घ्या. गटाचा एकच खजिनदार असावा आणि कोणीही वैयक्तिकरीत्या कोणालाही पैसे देऊ नयेत. हा नियम कठोर वाटतो. पण एका मुलाची फी तुम्ही भावनेच्या भरात भरलीत की शेजारच्या पाच घरांना यजमान पाळकांनी काय उत्तर द्यायचे, हा प्रश्न तुम्ही गेल्यानंतर त्यांच्याच दारात उभा राहतो. मदत करावीशी वाटली तर ती मंडळीच्या गरजूंच्या निधीत द्या. कोणाला काय लागते, हे कमिटीला तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

७. सामान भरताना

प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा. केनियाने ऑगस्ट २०१७ पासून त्यांच्यावर बंदी घातली आहे आणि कायद्यात मोठा दंड व तुरुंगवासाची तरतूद आहे. चपला, ओले कपडे आणि चिवडा आपण सवयीने कॅरीबॅगेत बांधतो, त्यासाठी कापडी पिशव्या घ्या. वीजजोडणीला ब्रिटिश पद्धतीचा तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो. जून ते ऑगस्ट संध्याकाळी थंडी असते, स्वेटर हवाच. उपासनेसाठी नीटनेटके कपडे न्या. तिथे गरिबातला गरीब माणूसही रविवारी इस्त्रीचा सदरा घालून येतो, आणि पाहुण्यांनी मळकी जीन्स घालून येणे हा त्याला अपमान वाटतो.

जुने कपडे गोळा करून नेण्याचा मोह आवरा. परदेशातून येणाऱ्या वापरलेल्या कपड्यांचा, 'मितुंबा'चा, तिथे प्रचंड व्यापार आहे, आणि नैरोबीतील गिकोम्बा बाजार त्यासाठीच प्रसिद्ध आहे. गणवेश द्यायचे असतील तर वस्तीतल्या शिंप्याकडूनच शिवून घ्या. पैसा वस्तीतच राहतो आणि मापही बरोबर बसते.

८. वस्तीत वावरताना

स्थानिक सोबत्याशिवाय फिरू नका आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी परता. फोन हातात धरून चालू नये. किबेरात बरेच लोक वीस लिटरच्या कॅनने पाणी विकत घेतात, तेव्हा कोणाच्या घरी हात धुताना त्या पाण्याची किंमत लक्षात असू द्या. चहा किंवा उगालीचे (मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचे) ताट पुढे आले तर थोडे तरी घ्यावे. चपाती आणि समोसा तिथल्या रोजच्या खाण्यात इतके मुरले आहेत की आपल्यातल्या नखरेल खाणाऱ्यांचीही सोय होते.

आपण भारतीय दिसतो, याचा तिथे एक वेगळा अर्थ असतो. १८९६ ते १९०१ या काळात युगांडा रेल्वे बांधण्यासाठी ब्रिटिशांनी हजारो भारतीय मजूर आणले, त्यांच्या मागून व्यापारी आणि गोव्याचे कारकून आले, आणि २०१७ मध्ये सरकारने तेथील आशियाई समाजाला देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. तरीही वस्तीतल्या माणसाला भारतीय चेहरा बहुधा दुकानाच्या गल्ल्यामागे किंवा कारखान्याच्या कार्यालयात दिसलेला असतो. तुम्ही श्रीमंत आहात असे गृहीत धरले जाईल, क्वचित टोमणाही ऐकावा लागेल. वाद घालू नका. गोवेकर कुटुंबात जन्मलेले पियो गामा पिंटो केनियाच्या स्वातंत्र्यासाठी आणि कामगारांसाठी झटले आणि १९६५ मध्ये नैरोबीत मारले गेले. त्यांचे नाव तिथल्या जुन्या माणसांना आठवते, आणि गटातील कोणाला ते ठाऊक असले तर गप्पांची सुरुवात बरी होते.

उपासना दोन-तीन तास चालते आणि पाहुण्यांना उठून चार शब्द बोलायला सांगतातच. "ब्वाना आसिफिवे" (प्रभूची स्तुती असो) म्हणून सुरुवात करा, मंडळीकडून मोठ्याने "आमेन" येईल. नंतर नाव, गाव आणि आभार एवढेच बोला. वस्तीच्या गरिबीवर दया दाखवणारे भाषण त्याच वस्तीतल्या लोकांसमोर करू नये.

९. छायाचित्रे आणि आकडे

मुलांची छायाचित्रे पालकांच्या परवानगीशिवाय काढू नयेत. उघडी गटारे आणि त्यांच्या काठची मुले, ही चित्रे मंडळीच्या पडद्यावर परिणामकारक दिसतात, पण आपल्या झोपडपट्टीतल्या भाच्याचे असे चित्र परक्या देशात दाखवले तर आपल्याला चालेल का, याचा विचार आधी करावा. शुभवर्तमानात उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये असे सांगितले असताना आपण दान देतानाचे सेल्फी का काढतो, हे मला अजून उमगलेले नाही. आकडेही जपून वापरा. किबेरात दहा लाख लोक राहतात असे वर्षानुवर्षे सांगितले गेले, पण २००९ च्या जनगणनेत ही संख्या सुमारे १,७०,००० निघाली. अहवालात फुगवलेला आकडा गेला की खरी गरजही संशयास्पद ठरते.

१०. परतल्यावर

महिन्याभरात जमाखर्च पूर्ण करून त्याची एक प्रत आपल्या कमिटीला आणि एक यजमान मंडळीला पाठवा. दौऱ्यात दिलेली आश्वासने लिहून काढा. जी पाळता येणार नाहीत, ती तसे स्पष्ट कळवून रद्द करा, कारण उत्तराची वाट पाहणाऱ्या पाळकाला नकारापेक्षा मौन जास्त महाग पडते. पुढच्या वर्षी पुन्हा गट न्यायचा की तेवढीच रक्कम यजमानांच्या एखाद्या परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवायची, हा प्रश्न कमिटीपुढे मोकळेपणाने ठेवा, आणि निर्णयापूर्वी यजमानांचे मत लेखी मागवा. आणि परतल्यानंतरच्या काही महिन्यांत गटातील कोणालाही ताप आला, तर अंगावर काढू नये. त्याच दिवशी रक्ततपासणी करावी आणि डॉक्टरांना आपण केनियात कुठे कुठे, कोणत्या तारखांना होतो, हे न विचारता सांगावे.